मार्का विकत घेताना : आधी सातबारा पाहा, मग इसार द्या



ऊस आपल्या शेतातला, गाळप आपल्या कारखान्यातले, साखरही आपलीच. पण ती पन्नास किलोच्या पोत्यातून व्यापाऱ्याच्या गोदामात गेली की तिचे एक-एक किलोचे पुडे होतात, पुड्यावर व्यापाऱ्याचा मार्का बसतो, आणि शहरातली गृहिणी दुकानात त्या मार्क्याचे नाव घेऊन साखर मागते. आपल्या कारखान्याचे नाव तिच्या कानावरही गेलेले नसते. नाव ज्याचे, गिऱ्हाईक त्याचे, हा बाजाराचा रिवाज आहे. साखरेचे पुडे, गुळाची पावडर, सेंद्रिय खत, आसवनीतला माल, जे जे थेट गिऱ्हाइकाच्या हाती जाते त्याला आपले स्वतःचे नाव हवे, असे आता सभासदही बोलू लागले आहेत.

नवे नाव बाजारात रुजवायला वर्षे लागतात आणि जाहिरातीला पैसा लागतो. म्हणून सभेत कोणी ना कोणी उठून म्हणतोच, "कशाला एवढा व्याप? एखादा चालू मार्काच विकत घेऊन टाका की!" विचार वाईट नाही. लागणीपेक्षा खोडव्याला खर्च कमी, तसलाच हा हिशेब. पण गवताळ वाढीचा रोग लागलेल्या उसाचा खोडवा कोणी राखतो का? आधी बेटे निरोगी आहेत की नाहीत ते पाहावे लागते. मार्क्याचेही तेच. त्यासाठी जाणारा पैसा शेवटी उसाच्या बिलातून, म्हणजे तुमच्या आमच्या खिशातून जातो. म्हणून हा विषय वकिलावर आणि संचालक मंडळावर सोडून न देता प्रत्येक सभासदाने समजून घ्यावा, यासाठी हा लेख.

मार्का ही मालमत्ता आहे

आपण ज्याला मार्का किंवा छाप म्हणतो त्याला कायद्यात व्यापारचिन्ह, म्हणजे ट्रेडमार्क, असा शब्द आहे. आपल्या देशात यासाठी १९९९ चा व्यापारचिन्ह अधिनियम आहे. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्यापूर्वी १९५८ चा कायदा होता. नोंदणीचे मुख्य कार्यालय मुंबईस असून दिल्ली, कोलकाता, चेन्नई व अहमदाबाद येथे शाखा आहेत. नोंदलेला मार्का विकता येतो, वारसाला जातो, दुसऱ्याला वापरायला देता येतो, कर्जासाठी तारणही ठेवता येतो. थोडक्यात, तो जमिनीसारखाच आहे.

आता बघा, दहा गुंठे जमीन घ्यायची झाली तर आपण काय काय करतो? सातबारा काढतो. फेरफार पाहतो. इतर हक्कांत कोणाचे नाव आहे, सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का, ते बघतो. बांधावर जाऊन वहिवाट कोणाची आहे ते विचारतो. चतुःसीमा लिहून घेतो. खरेदीखत झाल्यावर तलाठ्याकडे नोंद पडेपर्यंत जिवाला चैन नसते. एवढी अक्कल आपल्याला बापजाद्यांपासून आहे. मार्का घेताना तीच वापरायची. फरक इतकाच, की मार्क्याला बांध नसतो, दगड नसतो, तो डोळ्याला दिसत नाही. म्हणून फसगत व्हायला जागा जास्त.

विकणारा खरा मालक आहे का?

जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या कंपनीचाही या बाबतीत पाय घसरला आहे. अमेरिकेच्या ॲपल कंपनीला आपल्या नव्या यंत्रासाठी 'आयपॅड' हे नाव हवे होते. ते नाव प्रोव्ह्यू नावाच्या उद्योगसमूहाकडे आधीच होते. ॲपलने इंग्लंडमधील एका कंपनीला पुढे करून डिसेंबर २००९ मध्ये प्रोव्ह्यूच्या तैवानमधील कंपनीकडून निरनिराळ्या देशांतली ही नावे ३५,००० पौंडांना विकत घेतली. सौदा स्वस्तात झाला असे वाटले. पण चीनमधली नोंद तैवानच्या कंपनीच्या नावावर नव्हतीच. ती त्याच समूहातल्या, चीनच्या शेन्झेन शहरातल्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर होती. त्या कंपनीने हात वर केले : आम्ही काही विकलेले नाही! २०११ मध्ये तिथल्या न्यायालयाचा निकाल ॲपलच्या विरुद्ध गेला, आणि २०१२ मध्ये ६ कोटी डॉलर मोजून तडजोड करावी लागली.

आपल्या भाषेत सांगायचे तर इसार एका भावाला दिला आणि सातबारा निघाला दुसऱ्या भावाच्या नावावर. पैसा कमी होता म्हणून हे झाले नाही. नोंदवहीतले नाव आणि सही करणाऱ्याचे नाव एकच आहे का, हे प्रत्येक देशापुरते ताडून पाहिले नाही म्हणून झाले.

आपल्याकडे हा धोका मोठा आहे, कारण बरेच चालू मार्के घराण्यांचे किंवा भागीदारी पेढ्यांचे आहेत. वडिलांच्या नावावर नोंद, धंदा पाहतो थोरला मुलगा, आणि धाकट्याने वाटणी मागितलेली. अशा वेळी थोरल्याची एकट्याची सही घेऊन भागत नाही. भागीदारी असेल तर सर्व भागीदारांच्या सह्या, कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव, सहकारी संस्था असेल तर तिच्या पोटनियमाप्रमाणे लागणारा ठराव व मंजुरी, आणि मालक वारला असेल तर वारसांची नोंद आधी, विक्री मागाहून. मधल्या काळात मार्का दोन-तीन हातांतून फिरला असेल तर प्रत्येक हस्तांतराचा कागद हवा. साखळीतली एक कडी निसटली तरी पुढचे सगळे खत लोंबकळते.

कारखाना घेतला म्हणजे नाव आले असे नाही

दुसरी गोष्ट मोटारींची आहे. इंग्लंडातली रोल्स-रॉईस गाडी पूर्वी आपल्या संस्थानिकांच्या दारी असायची. १९९८ मध्ये ही गाडी बनवणारा क्रू गावचा कारखाना व्हिकर्स कंपनीने विकायला काढला. जर्मनीच्या फोक्सवॅगनने ४३ कोटी पौंड देऊन तो घेतला. कारखाना आला, यंत्रे आली, कामगार आले, बेंटले हे दुसरे नावही आले. पण 'रोल्स-रॉईस' हे नाव त्या कारखान्याचे नव्हतेच. ते विमानांची इंजिने बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या मालकीचे होते. तिने ते ४ कोटी पौंडांना बीएमडब्ल्यूला वापरायला दिले. शेवटी २००२ अखेरपर्यंतच फोक्सवॅगनच्या कारखान्यात त्या गाड्या बनल्या. २००३ पासून नाव बीएमडब्ल्यूकडे गेले. पैसे मोजले ४३ कोटी, आणि नाव नेले ४ कोटीवाल्याने!

आपल्या भागात हे उदाहरण लांबचे समजू नये. महाराष्ट्रात थकलेल्या कर्जापोटी कारखाने विकले गेले आहेत, काही भाड्याने चालायला दिले आहेत. लिलावाच्या नोटिशीत जमीन, इमारत, यंत्रसामग्री यांची यादी असते. त्या यादीत मार्का नावानिशी आणि नोंदणी क्रमांकासह लिहिलेला नसेल तर तो आपोआप मिळाला असे धरून चालू नये. आसवनी घेतली आणि तिच्या बाटलीवरचे नाव भलत्याच पेढीच्या मालकीचे निघाले, तर आपण लेबलांशिवायच्या बाटल्या विकणार का? म्हणून घेताना यंत्राचा नंबर लिहितो तसा मार्क्याचा नंबर लिहून घ्यावा.

बोजा कोणाचा?

मार्का तारण ठेवता येतो हे वर सांगितलेच. किंगफिशर विमान कंपनीने बँकांकडून कर्जे घेताना आपली व्यापारचिन्हे तारण दिली होती, हे सर्वांनी वाचले आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये विमाने जमिनीवर आली, आणि एप्रिल २०१६ मध्ये बँकांनी ती नावे लिलावात काढली. राखीव किंमत होती ३६६ कोटी ७० लाख रुपये. एकही बोली आली नाही.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. एक, मार्क्यावर बँकेचा बोजा असू शकतो, आणि विकणारा तो सांगेलच असे नाही. समोर कंपनी असेल तर कंपनी निबंधकाकडची बोजांची नोंद पाहावी, आणि कर्ज देणाऱ्या बँकेचा ना-हरकत दाखला घ्यावा. दोन, धंदा बुडाला की नावाची किंमतही त्याच्याबरोबर खाली जाते. विकणारा म्हणेल, "पाच वर्षांपूर्वी याला इतके कोटी येत होते." आपण विचारायचे, आज किती पुडे खपतात? गेल्या तीन वर्षांची विक्री वहीत दाखवा. वाळलेल्या विहिरीची किंमत भरल्या विहिरीची धरायची नसते.

बोजाबरोबर कुळेही पाहावीत. मालकाने हाच मार्का आधी कोणाला वापरायला दिला आहे का? कोणत्या तालुक्यात, किती मुदतीसाठी? आपण पूर्ण हक्क म्हणून पैसे द्यायचे आणि जुन्या कराराने दुसराच माणूस बाजारात माल विकत राहायचा, असे होता कामा नये.

मार्का जिवंत आहे का? वहिवाट आहे का?

नोंद दहा वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. नूतनीकरण चुकलेले असेल तर मार्का वहीतून निघून जाऊ शकतो. तेव्हा शेवटची पावती बघा.

नूतनीकरण झाले पण वापरच नाही, असेही मार्के असतात. नोंद झाल्यापासून सलग पाच वर्षांहून अधिक काळ मार्का वापरला नसेल तर कायद्याप्रमाणे तो रद्द करून मागता येतो. कपाटात पडून असलेला मार्का घेणे म्हणजे पड जमीन बागायतीच्या भावाने घेणे.

तिसरा प्रकार म्हणजे नुसता अर्ज केलेला मार्का. नोंदणी अजून झालेली नाही, पण विकणारा प्रमाणपत्र असल्यासारखे बोलतो. अर्ज कार्यालयाच्या साप्ताहिक नियतकालिकात छापून आल्यावर चार महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकतो. हरकत आली की खटला लांबतो. गाभण म्हैस घेताना रेडी होणार की रेडा हे जसे सांगता येत नाही, तसेच हे. घ्यायचीच असेल तर भाव त्या मानाने द्यावा.

आणि वहिवाट! नोंद एकाची असली तरी त्याच्याही आधीपासून दुसरा कोणी तेच नाव प्रामाणिकपणे सतत वापरत असेल, तर नोंदणीच्या जोरावर त्याला थांबवता येत नाही. कायद्याचे ३४ वे कलम हेच सांगते. तेव्हा नुसत्या कार्यालयातल्या शोधावर विसंबू नये. लातूर, सोलापूर, कोल्हापूर, पुण्याच्या बाजारपेठांत माणूस पाठवून दुकानदारांना विचारावे, "या नावाची साखर आणखी कोणाची येते का?" हा शोध फुकटात होतो आणि लाखाचा तोटा वाचवतो.

चतुःसीमा : कोणत्या मालाला, कोणत्या मुलखात?

मार्का सगळ्या मालाला लागू नसतो. नोंद वर्गवार असते. साखर व गूळ ३० व्या वर्गात येतात, पशुखाद्य ३१ व्या, खत पहिल्या, आणि मद्य ३३ व्या वर्गात. साखरेचा मार्का घेतला आणि खताच्या पोत्यावर छापला, तर खताच्या वर्गात तेच नाव नोंदवलेला दुसरा मालक दारात उभा राहील. आपण पुढच्या दहा वर्षांत काय काय बनवणार याची यादी आधी करावी आणि ते वर्ग त्यात आहेत का ते पाहावे.

मुलखाचा वाद कसा पेटतो याचे उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. १९७७ मध्ये देश सोडून गेलेली कोका-कोला कंपनी १९९३ मध्ये परत आली आणि तिने पार्लेच्या चौहानांकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट व माझा ही नावे घेतली. 'माझा'चा हक्क घेतला तो भारतापुरता. २००८ मध्ये कोका-कोलाने तुर्कस्तानात या नावाच्या नोंदणीसाठी पाऊल उचलले, तेव्हा विकणाऱ्या बाजूच्या बिसलेरी कंपनीने आक्षेप घेतला आणि भारतातल्या जुन्या करारावरच बोट ठेवले. नाव 'माझा', आणि भांडण नाव माझे की तुझे याचेच! प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि २००९ मध्ये न्यायालयाने बिसलेरीला भारतात हे नाव वापरण्यास व या नावाचा माल येथून निर्यात करण्यास अंतरिम मनाई केली. सौद्यानंतर पंधरा वर्षांनी हा खटला उभा राहिला. आपली साखर, गूळ परदेशी जाते. तेव्हा कोणत्या देशातला हक्क घेतला, कोणता राहिला, आणि निर्यातीच्या मालावर नाव छापायचे की नाही, हे सगळे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे.

देशातल्या देशात मात्र "देशावरचा बाजार आमचा, कोकण-मुंबई तुमची" अशी वाटणी कायदा सहसा चालू देत नाही. एकाच मालासाठी एकच मार्का दोन मालकांकडे दोन भागांत राहिला तर गिऱ्हाइकाची फसगत होते, म्हणून ४१ व्या कलमाने ही आडकाठी ठेवली आहे. तसेच एकाच मालकाचे मिळतेजुळते मार्के वहीत संलग्न म्हणून नोंदलेले असतील तर ते सगळे मिळूनच घ्यावे लागतात. त्यातला एक वेचून घेता येत नाही.

जे विकताच येत नाही

काही नावे विक्रीची नसतातच. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे. हे मानांकन त्या मुलखाचे आणि तिथल्या उत्पादकांचे सामाईक धन आहे. त्याचा कायदा सांगतो, की ते विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, कोणाला भाड्यानेही देता येत नाही. कोणी "कोल्हापुरी गुळाचा हक्क देतो" म्हणून किंमत सांगू लागला तर त्याला हात जोडावेत. उत्पादकाने स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी, तो सरळ रस्ता आहे.

पुड्यावरचा ॲगमार्क किंवा अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांकही मार्क्याबरोबर येत नाही. ते परवाने आपल्या नावाने, आपल्या जागेसाठी काढावे लागतात. विकणाऱ्याकडे छापलेल्या रिकाम्या पिशव्यांचा ढीग असेल आणि तो "तेवढ्या घ्या, स्वस्तात देतो" म्हणत असेल, तर लक्षात ठेवा : त्यावर त्याचे नाव, पत्ता आणि परवाना आहे. आपला माल त्यात भरणे चालणार नाही.

खरेदीखत आणि फेरफार

सौदा तोंडी करू नये, चिठ्ठीवर करू नये. योग्य मुद्रांकावर लेखी खत हवे. त्यात मार्का, नोंदणी क्रमांक, वर्ग, माल, मुलूख, किंमत, आणि मार्क्याबरोबर धंद्याचा नावलौकिकही घेतला की नुसता मार्का घेतला, हे स्पष्ट असावे. नावलौकिक वगळून नुसता मार्का घेतला तर सहा महिन्यांच्या आत निबंधकाकडे अर्ज करून ते सांगतील त्याप्रमाणे जाहिरात द्यावी लागते; फार तर तीन महिने वाढवून मिळतात. हे केले नाही तर हस्तांतर अमलातच येत नाही. म्हणून शक्यतो नावलौकिकासह घ्यावे.

पुड्यावरचे चित्र, अक्षरांचे वळण, याचा हक्क म्हणजे कॉपीराइट, तो वेगळा असतो. चित्रकार कोण, त्याने हक्क लिहून दिला आहे का, ते पाहावे. या हक्काच्या कागदात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो! मुदत आणि मुलूख दोन्ही लिहून घ्यावेत.

विकणाऱ्याकडून हमी घ्यावी, की मार्का निर्वेध आहे, कोर्टात वाद नाही, आणि मागचा वाद निघाला तर भरपाई तो देईल. अमुक छाप विकून उद्या 'नवा अमुक छाप' काढणार नाही, हेही लिहून घ्यावे.

आणि शेवटी फेरफार. खत झाले की टीएम-पी या नमुन्यात नोंदणी कार्यालयाकडे मालकी बदलाचा अर्ज त्वरित द्यावा. तो अर्ज जाईपर्यंत, ज्याला आपल्या खरेदीची माहिती नाही असा दुसरा कोणी त्याच मार्क्यात हक्क मिळवून बसला, तर त्याच्यापुढे आपली खरेदी लंगडी पडते. सगळी रक्कम खताच्या दिवशी देऊ नये. काही भाग वहीत आपले नाव चढेपर्यंत हातात राखावा. पैसा हातात असला की विकणाराही कागदाला हात लावतो.

सभेत विचारावयाचे प्रश्न

असा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे आला तर सभासदांनी हे प्रश्न जरूर विचारावेत :

१) नोंदवहीत मालक म्हणून आज कोणाचे नाव आहे? उतारा कोणत्या तारखेचा आहे?

२) मधल्या सर्व हस्तांतरांचे कागद पाहिले का?

३) बँकेचा बोजा, वापराचे करार, हरकती, कोर्टातले वाद आहेत का?

४) नूतनीकरण कोणत्या तारखेपर्यंत आहे? गेल्या तीन वर्षांचा खप किती?

५) आपण बनवतो तो सर्व माल त्यात बसतो का? निर्यातीचे काय?

६) नावलौकिक, चित्राचा हक्क, जुळणारी नावे सोबत येतात का?

७) किती रक्कम केव्हा द्यायची, आणि नोंद न झाल्यास पैसे परत कसे मिळणार?

सात प्रश्नांची सात उत्तरे कागदावर मिळाली तर खुशाल हात वर करावा. "ते वकील बघतील" असे उत्तर आले तर ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबवावा. एक महिना उशीर झाला म्हणून मार्का आंबत नाही. ऊस तोडणीला उशीर झाल्यावर उतारा घटतो तसे येथे काही घटत नाही. उलट घाई करा म्हणून जो मागे लागतो, त्याचाच सातबारा दोनदा पाहावा.

एक सभासद, एक मत, हा आपल्या सहकाराचा पाया आहे. त्या मताला माहितीची जोड असली तरच त्याची किंमत. चांगले नाव जरूर घ्यावे, त्याने आपल्या साखरेला दोन पैसे जास्त मिळतील. मात्र ते नाव सर्वांगाने आपले झाल्याशिवाय त्याच्या पुड्यात आपली साखर भरू नये, एवढीच सर्व सभासदांना विनंती.